उभं राहून काम करायचं टेबल: कुठलं घ्यावं, कसं लावावं?

शेवंती_१२ | ३ जून, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. घरून काम करायला लागून पाच वर्षं होतील. आधी जेवणाचं टेबल, मग लेकीचं अभ्यासाचं, आणि आता सासऱ्यांचं जुनं सागवानी टेबल माझ्या वाट्याला आलंय. टेबल दणकट आहे, पण संध्याकाळपर्यंत उजवा खांदा दगड होतो. नवरा म्हणतो, स्टँडिंग डेस्क, म्हणजे मोटरने वरखाली होणारं टेबल, घेऊन टाकू. पंधरा दिवस रोज रात्री व्हिडिओ बघतेय. जितके बघावेत तितका गोंधळ वाढतोय.

परिस्थिती अशी: पुणे, जुन्या इमारतीत तिसरा मजला, लिफ्ट नाही. खोली १० बाय ११, टेबल खिडकीपाशी, खिडकीला आतून कडाप्प्याची चौकट बाहेर आलेली. एक लॅपटॉप, एक २४ इंची मॉनिटर. मी ५ फूट १ इंच, नवरा ५ फूट ११. आठवड्यातले दोन दिवस तोही घरून काम करतो, तेव्हा टेबल त्याचं. बजेट ३० हजार, ताणून ३५.

मोटर एक असावी की दोन? तयार टेबल घ्यावं की नुसते पाय आणून फळी सुताराकडून करून घ्यावी? वर केल्यावर डुगडुगतं का? आणि खरं सांगा, दोन महिन्यांनंतर कुणी वापरतं का?

टवाळ_टोणगा | ३ जून, रात्री १०.५८

पहिला!

वापरतात की. आमच्याकडे ट्रेडमिलवर टॉवेल वाळतात, टेबल वरखाली होत असेल तर साड्यासुद्धा वाळतील. शिवाय नाव चुकलंय. आपण त्याला 'उठाबशा टेबल' म्हणू. शाळेत फुकट काढायचो, आता ३० हजार मोजून काढायच्या.

मोजपट्टी | ३ जून, रात्री ११.३०

शेवंतीताई, मोटरचा प्रश्न सगळ्यात शेवटी. आधी घरातली शिवणाची टेप काढा. खुर्चीवर पाय जमिनीला पूर्ण टेकतील असं बसा, खांदे सैल सोडा, कोपर काटकोनात. जमिनीपासून कोपरापर्यंत किती सेंटिमीटर ते यजमानांना मोजायला सांगा. मग अनवाणी उभ्या राहून पुन्हा तेच. हे दोन आकडे म्हणजे तुमचं टेबल.

अंदाज देतो. उभं असताना कोपर साधारण उंचीच्या ६३ टक्क्यांवर येतं. तुम्ही १५५ सेंमी, म्हणजे ९७-९८. यजमान १८०, म्हणजे ११३ च्या आसपास. बसल्यावर तुमचं ६० च्या मागेपुढे, त्यांचं ६९-७०. आता सासऱ्यांचं टेबल मोजा. बाजारातली बहुतेक टेबलं ७३ ते ७६ मध्ये असतात, जुनी सागवानी तर ७८ चीही पाहिलीत. म्हणजे पाच वर्षं तुम्ही स्वतःच्या कोपरापेक्षा अर्धा फूट उंच फळीवर टाइप करताय. खांदे दिवसभर वर उचलून धरलेले. त्याचा दगड नाही होणार तर काय लोणी होणार?

म्हणून दुकानात गेल्यावर सगळे विचारतात तसं 'किती वर जातं' ते विचारू नका. 'किती खाली येतं' ते विचारा. पायांमध्ये एकात एक नळ्या असतात. दोन नळ्यांचे पाय, म्हणजे दोन टप्प्यांचे, साधारण ७०-७२ ला थांबतात. वर फळी अडीच सेंमी. बसून काम करायला तुम्हाला परत ७४, म्हणजे जिथे होतात तिथेच. तीन टप्प्यांचे पाय ६०-६२ पर्यंत उतरतात आणि वरही जास्त जातात. महाग आहेत, पण तुमच्या घरात, तुमच्या बसण्यापासून यजमानांच्या उभं राहण्यापर्यंत, पावणेदोन फुटी फरक झाकायचा आहे. दुकानदार सांगतो तो आकडा फळीसकट की फळीशिवाय, हेही विचारून घ्या. बरेचदा शिवायचा सांगतात.

आणखी एक. परदेशातले तक्ते बूट घालून उभ्या असलेल्या माणसाचे असतात. आपण घरात अनवाणी. दोन-अडीच सेंटिमीटरचा फरक तिथेच पडतो.

शेवंती_१२ | ४ जून, सकाळी ८.१५

मोजपट्टी, रात्री बारा वाजता टेप काढली. सासऱ्यांचं टेबल ७७. माझं बसून कोपर ६०, उभं ९७. नवऱ्याचं ६९ आणि ११२. आकडे बघून नवरा पाच मिनिटं गप्प होता.

मग खुर्ची वर घेतली तर?

मोजपट्टी | ४ जून, सकाळी ९.०२

खुर्ची १७ सेंमी वर घेतलीत तर पाय लोंबकळतील आणि मांडीखाली खुर्चीची कड रुतेल. तीन-चार सेंमीपर्यंत ठीक, पायाखाली पाट घ्यायचा. लग्नातला चांदीच्या फुलांचा नको, साधा.

चौथा_मजला | ४ जून, दुपारी १.२०

माझ्याकडे तीन वर्षं आहे, म्हणून अनुभवाचे बोल. आयडी वाचून लिफ्टचं समजलं असेलच. खोक्यातले नुसते पायच ३० किलोच्या वर होते, फळी वेगळी २२ किलो. घरपोच म्हणजे त्यांच्या भाषेत इमारतीच्या गेटपर्यंत. मागवायच्या आधी फोनवर विचारा: जिना चढवणार का, जोडून देणार का, त्याचे वेगळे किती. मी विचारलं नव्हतं. वॉचमन, मी आणि समोरच्या घरातला अकरावीतला मुलगा असं वर आणलं. त्या मुलाला पावभाजी खिलवावी लागली.

मोटर: एका मोटरच्या टेबलात एकच मोटर दांड्यामार्फत दोन्ही पाय उचलते. साधारण ७०-८० किलोची क्षमता, चाल हळू, आवाज थोडा जास्त. दोन मोटरचं १००-१२० किलोपर्यंत, चाल दीडपट. तुमचा मॉनिटर आणि लॅपटॉप मिळून १० किलोसुद्धा नाही, तेव्हा वजनासाठी दोन मोटर नकोत. पण गंमत अशी की तीन टप्प्यांचे पाय बहुतेक वेळा दोन मोटरबरोबरच मिळतात. त्यामुळे निर्णय आपोआप झाला.

डुगडुगण्याबद्दल: डुगडुगतं. जो नाही म्हणतो त्याने ते पूर्ण वर करून कधी टाइप केलेलं नाही. ७० ला खांब, ११५ ला बाभळीचं झाड. मॉनिटर आर्मला (टेबलाच्या कडेला अडकवायचा, मॉनिटर धरून ठेवणारा हात) लावलात तर ते थरथरणं जास्त दिसतं. तुम्ही ९७ ला वापरणार, तुम्हाला फारसं जाणवणार नाही. साहेबांना जाणवेल. जोडताना सगळे स्क्रू आधी अर्धेच पिळा, टेबल सरळ उभं करा, मग सगळे घट्ट करा. पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा पिळा. पायाखालच्या गोट्या फिरवून चारही टोकं फरशीला नीट टेकवा. माझी निम्मी डुगडुग तिथेच गेली.

माहितीपुस्तिकेत एक बारीक ओळ असते: २ मिनिटं चालवलं की १८ मिनिटं विश्रांती. पोरांना बटणाशी खेळू देऊ नका, मोटर तापून बंद पडते. मग घरात रडारड.

उखळमुसळ | ४ जून, दुपारी ३.४५

तुम्ही सगळे नवीन शोध लावल्यासारखं बोलताय म्हणून लिहिते. प्रत्येक घरात उभं राहून काम करायचं एक टेबल आहेच. त्याला ओटा म्हणतात. त्याची एवढी चर्चा कुणी करत नाही, कारण तिथे उभं राहणाऱ्याला पगार नसतो.

आमच्या बिल्डरने सगळ्या फ्लॅटना सरसकट ३४ इंची ओटा दिला. माझ्या सासूबाई ४ फूट १० इंच. पोळ्या लाटायला पाटावर उभ्या राहायच्या आणि पाट सरकला की देवाचं नाव घ्यायच्या. मी ५ फूट ६, तर मला भांडी घासताना कंबरेत वाकावं लागतं. एकाच ओट्याने दोघींची पाठ वेगवेगळ्या जागी दुखवली.

शेवंती, पैसे घालायच्या आधी आठ दिवस ओट्यावर काम करून बघ. दुपारी स्वयंपाकघर रिकामं असतंच. आवडलं तर घे. नाहीतर ३० हजारात आमच्या कॉलनीतली बाई वर्षभर पोळ्या करून जाते.

मोजपट्टी | ४ जून, दुपारी ४.३०

उखळमुसळताई, तुमच्या प्रतिसादाला +१. एक सांगतो. ओट्याची उंची आणि टाइप करायची उंची वेगळी असते. कणीक मळताना वरून जोर द्यायचा असतो, म्हणून ओटा कोपरापेक्षा १०-१५ सेंमी खाली हवा. टायपिंगला जोर लागत नाही, तिथे कोपराच्या पातळीलाच हवं. शेवंतीताईंना ३४ इंची ओटा, म्हणजे ८६, पोळ्यांना बरोबर आहे आणि लॅपटॉपला ११ सेंमी कमी. त्यावर दोन पाट ठेवले की जमलं. पण लॅपटॉपचा पडदाही तितकाच खाली राहतो, मान वाकते. तेव्हा लॅपटॉप पिठाच्या डब्यावर आणि कीबोर्ड-माऊस वेगळे, पाटावर. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली, अंतर हात लांब केला की बोटं टेकतील इतकं.

स्पष्टवक्ता | ४ जून, सायंकाळी ७.१०

सगळी थेरं आहेत. आमचे आजोबा पेढीवर मांडी घालून, उतरत्या डेस्कवर चाळीस वर्षं खतावण्या लिहीत होते. ना मान दुखली ना खांदा. हल्लीच्या पिढीला दुखायला फक्त कारण हवं.

उखळमुसळ | ४ जून, सायंकाळी ७.२२

आजोबा गिऱ्हाईक आलं की उठत असतील, दुपारी घरी जेवायला चालत येत असतील, वामकुक्षी घेत असतील. आणि आजीची पाठ दुखत होती का हो? की कुणी विचारलंच नाही?

टवाळ_टोणगा | ४ जून, सायंकाळी ७.२५

हसून हसून पुरेवाट. मी पॉपकॉर्न घेऊन उभा आहे. उभाच, कारण धाग्याचा विषय.

स्नायूपुराण | ४ जून, रात्री ९.५०

मी फिजिओथेरपिस्ट आहे. इथे कुणाला तपासलेलं नाही, म्हणून सर्वसाधारण लिहितो. शेवंतीताई, हात दुखण्याबरोबर मुंग्या येत असतील किंवा पकड सैल वाटत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, टेबल नंतर.

उभं राहणं म्हणजे व्यायाम नव्हे. २०१८ मध्ये बऱ्याच अभ्यासांची एकत्र मोजणी झाली. बसण्यापेक्षा उभं राहिल्यावर मिनिटाला ०.१५ कॅलरी जास्त खर्च होतात, असं निघालं. तासाला नऊ. एका शेंगदाण्याच्या लाडवाला किती तास उभं राहावं लागेल, हिशोब तुम्हीच करा.

लंडनच्या बसचं उदाहरण नेहमी सांगतात. १९५३ मध्ये ब्रिटिश संशोधक जेरी मॉरिस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की डबलडेकरच्या ड्रायव्हरपेक्षा कंडक्टरना हृदयविकार कमी. लोक त्यातून 'बसणारा गेला, उभा राहणारा वाचला' असा अर्थ काढतात. अहो, तो कंडक्टर उभा नव्हता, दिवसभर जिना चढत-उतरत होता!

उलट नुसतं ताटकळत उभं राहण्याचे तोटे आहेत. सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या ८३ हजारांवर लोकांची माहिती तपासून २०२४ मध्ये लिहिलं, की जास्त वेळ उभं राहिल्याने हृदयविकाराचा धोका कमी होत नाही, आणि दिवसाला दोन तासांपुढे पायांच्या फुगलेल्या शिरांसारखे रक्ताभिसरणाचे त्रास वाढताना दिसतात. माझ्याकडे न्हावी, शिक्षिका, पोलीस येतात ते याच शिरा आणि टाचा घेऊन.

मग टेबल कशाला? स्थिती बदलण्यासाठी. कॉर्नेल विद्यापीठाचे अ‍ॅलन हेज अर्ध्या तासाची वाटणी सांगायचे: २० मिनिटं बसा, ८ मिनिटं उभे राहा, २ मिनिटं हला. घड्याळ लावून कुणी करत नाही, मीही करत नाही. पण प्रमाण बघा, उभं राहणं त्यात सगळ्यात मोठं नाहीच. पहिल्या आठवड्यात दिवसातून तीन-चार वेळा १५ मिनिटं एवढंच. टेबल आलं त्या दिवशी उत्साहात पाच तास उभे राहणारे तिसऱ्या दिवशी माझ्याकडे येतात.

एक पाय पाटावर ठेवा, दहा मिनिटांनी दुसरा. पानाच्या टपरीवर लोक एक पाय पायरीवर ठेवून उभे असतात ना, तसं. कंबरेला मोठा आराम.

शेवंती_१२ | ५ जून, सकाळी ७.५०

मुंग्या नाहीत, पकड चांगली आहे. लेकीने बरणीचं झाकण उघडायला दिलं, उघडलं. आजपासून ओटा-प्रयोग सुरू. दोन पाट, एक डबा. डब्यात पीठ आहे म्हणून हलत नाही, रिकामा घेतला होता तो डोलत होता.

रातांबा | ५ जून, सकाळी ११.३५

रत्नागिरीहून लिहितोय. फळीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून.

तयार टेबलांच्या फळ्या बहुतेक पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या. पुण्यात चालतील. आमच्याकडे पहिल्याच पावसाळ्यात कडा पोहे भिजल्यासारख्या फुगल्या. खरी गोम स्क्रूंच्या भोकांत आहे. एकदा पिळलेला स्क्रू काढून पुन्हा लावला की भुसा होतो, पकड जाते. मॉनिटर आर्मचा क्लॅम्पही अशा फळीत रुततो; खालीवर लोखंडी पट्टी किंवा प्लायचा तुकडा द्यावा लागतो.

दुसऱ्या वेळी नुसते पाय आणले आणि फळी आमच्या सुताराने केली. प्लाय घेणार असाल तर शिक्का बघा: आयएस ३०३ म्हणजे साधा किंवा मध्यम, आयएस ७१० म्हणजे मरीन, पाण्याला टिकणारा. पुण्याला ३०३ मधला बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला तोंड देणारा) पुरे. १९ मिमीचा घ्या, जमल्यास २५. वर सनमायका लावलात तर खालूनही लावा, नाहीतर फळी एका बाजूला वाकते. सनमायका पांढरा चकचकीत नको, खिडकीचा उजेड डोळ्यांवर येतो.

मी शेवटी फणसाची केली. आजोबांच्या वेळच्या दोन फळ्या माळ्यावर होत्या. रंग असा हळदीसारखा पिवळा, दोन वर्षांत तांबूस झालाय. पण भरीव लाकूड हवामानाबरोबर रुंदीत फुगतं-आकसतं, त्यामुळे फळी पायांना जोडणाऱ्या पट्टीला गोल नको, लांबट भोकं ठेवा, म्हणजे स्क्रूला सरकायला वाव मिळतो. आमच्या सुताराला हे सांगायला गेलो तर म्हणाला, 'आमका शिकवू नुको, दाराक आमी हयाच करताव.'

बॅटरीबाबा | ५ जून, रात्री ८.०५

जळगाव. उन्हाळ्यात आमच्याकडे वीज कधी जाईल ते सांगता येत नाही. टेबल वर असताना गेली की तीन तास उभं. पहिल्या महिन्यात इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतलं. चालताना शे-दोनशे वॉट ओढतं, तेही दहा-पंधरा सेकंद, इन्व्हर्टरला काही होत नाही.

हाताने फिरवायच्या दांड्याचं टेबलही मिळतं, स्वस्त. भावाकडे आहे. बसण्यापासून उभं राहण्यापर्यंत मी मोजले, ऐंशीच्या वर फेरे. उसाच्या रसाचं गुऱ्हाळ. तो आता कायम बसूनच काम करतो.

वीज गेल्यावर किंवा प्लग काढल्यावर कधी कधी टेबल उंची विसरतं, बटणांशेजारच्या छोट्या पडद्यावर काहीतरी अक्षरं दाखवतं. घाबरून सर्व्हिसला फोन लावू नका. खाली जायचं बटण दाबून धरा, टेबल तळाला जाईल, तरीही सोडू नका, आणखी पाच-दहा सेकंद धरा. किंचित खाली जाऊन वर उचकी देईल, मग सोडा. बहुतेकांत हेच चालतं.

आणि अर्थिंग बघा हो! लॅपटॉपचा दोन पिनांचा चार्जर, पत्र्याचा लॅपटॉप, लोखंडी टेबल आणि तुम्ही ओल्या फरशीवर अनवाणी. मनगटाला झिणझिण्या येतात. तीन पिनांचा चार्जर आणि अर्थिंग असलेला सॉकेट. जुनी इमारत म्हणालात म्हणून मुद्दाम लिहिलं.

बर्फाळ_पोहे | ६ जून, पहाटे २.१०

स्टॉकहोमहून. इकडे ऑफिसात वरखाली होणारी टेबलं सर्रास असतात, त्यामुळे कुणाला कौतुक नाही. दहा वर्षांचं निरीक्षण: फोन आला की लोक टेबल वर करतात, बोलणं संपलं की खाली. वेळेचा नाही, कामाचा नियम. मी मीटिंग उभ्याने आणि कोड लिहिणं बसून, असं ठेवलंय. बारीक डोकं लावायचं काम मला उभं राहून जमत नाही, मराठी मन खाली बसलं की चालतं.

केबलपुराण | ६ जून, सकाळी १०.४५

माझी फजिती वाचा आणि शहाणे व्हा. टेबल आलं, जोडलं, पहिल्यांदा बटण दाबलं. सगळं घर जमलेलं, आईने नारळ आणून ठेवलेला. टेबल सुरेख वर जाऊ लागलं. मॉनिटरची वायर मात्र भिंतीतल्या सॉकेटला घट्ट. ९० ला पोहोचल्यावर मॉनिटर भिंतीला नमस्कार करू लागला आणि मग आडवाच झाला. अडथळा आला की थांबायची सोय टेबलात होती, पण ती टेबल कशाला तरी टेकलं तर. वायर ताणली गेल्याचं तिला काय कळणार!

आता एक्स्टेंशन बोर्ड टेबलाच्या खालच्या बाजूला स्क्रूने लावलाय. सगळं त्यात. टेबलापासून भिंतीपर्यंत एकच वायर, टेबल पूर्ण वर असतानाही लोंबेल इतकी लांब. पहिल्यांदा चालवताना मॉनिटर उतरवून ठेवा. आणि शेवंतीताई, तुमच्या कडाप्प्याच्या चौकटीकडे लक्ष. फळी चौकटीखाली अडकायला नको, पाच-सहा सेंमी पुढे ओढून ठेवा. खुर्चीचे हातही टेबलाखाली येतात, खाली उतरवायच्या आधी खुर्ची मागे.

शेवंती_१२ | १३ जून, रात्री ९.३०

ओटा-प्रयोगाचे आठ दिवस झाले.

दिवस १: वीस मिनिटांत टाचा बोलायला लागल्या. दिवस २: सतरंजीची चौपदरी घडी पायाखाली. बरं वाटलं. दिवस ३: दुपारी मीटिंग चालू असताना दूध उतू गेलं, सगळ्या टीमने पाहिलं. दिवस ५ पासून मीटिंग उभ्याने, बाकी बसून (बर्फाळ_पोहे यांचा नियम). आज खांदा संध्याकाळी सात वाजता दुखायला लागला, एरवी चार वाजता लागायचा. उभं राहिल्याचा गुण म्हणावा की पाटांमुळे उंची बरोबर झाल्याचा, मला वाटतं दुसरा.

ठरलं. तीन टप्प्यांचे, दोन मोटरचे नुसते पाय मागवलेत, २३,५०० ला. फळीशिवाय ६१ ते १२६. फळी सुतारकाकांकडून, १९ मिमी बीडब्ल्यूआर प्लाय, ४ फूट बाय २ फूट, दोन्ही बाजूंनी सनमायका. ६,२०० सांगितलेत. सासऱ्यांच्या टेबलाची फळी वापरू म्हणाले होते, पण ती काढायला कुणाचा हात होईना. ते तसंच दिवाणखान्यात गेलं, त्यावर आता टीव्ही आहे.

चौथा_मजला | १३ जून, रात्री ९.४१

फळीची दोन फूट रुंदी कमी नाही ना? मॉनिटर स्टँडवर ठेवणार असाल तर तोंडाजवळ येईल. अडीच करा.

शेवंती_१२ | १३ जून, रात्री ९.५५

खोलीत अडीच बसत नाही, कपाटाचं दार उघडायला हवं. आर्म घेईन, तो मागे ढकलता येतो.

मोजपट्टी | १४ जून, सकाळी ८.२०

आर्म घ्यायच्या आधी मॉनिटरची पाठ बघा. चार भोकं १० बाय १० सेंमी किंवा साडेसात बाय साडेसातच्या चौकोनात हवीत. काही स्वस्त मॉनिटरना ती नसतातच.

शेवंती_१२ | ६ जुलै, दुपारी १२.१५

टेबल उभं राहिलं. जिन्यावरून दोन हमालांनी ४०० रुपयांत आणलं. (पावभाजी वाचली.)

पण एक घोटाळा. सुतारकाका पाय लावत होते. फळी सनमायकासकट २१ मिमी. त्यांनी खिशातून स्वतःचे २५ मिमीचे स्क्रू काढले, कारण खोक्यातले 'किरकोळ' वाटले. तिसऱ्या स्क्रूला वरून टक् असा आवाज आला. बघते तर नव्या कोऱ्या सनमायकाला तीळभर फुगवटा, मधोमध टोकाची चांदणी. काका दोन मिनिटं तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, 'वहिनी, इथे पेनाचा डबा ठेवा.' बाकीचे स्क्रू खोक्यातलेच लावले. पेनाचा डबा तिथेच आहे.

आधी बारीक बिटने भोक पाडून मगच स्क्रू, आणि बिटला किती खोल जायचं तिथे चिकटपट्टी, हे त्यांनी उरलेल्या भोकांना केलं. आधी केलं असतं तर.

आकडे: माझं बसून ६३. त्याखाली फळीमुळे जात नाही, म्हणून खुर्ची तीन सेंमी वर आणि पायाखाली पाट. उभं ९९, कारण आता दोन सेंमीची जाड रबरी मॅट आहे. नवऱ्याचं ६९ आणि ११३. तो मॅटवर उभा राहत नाही, म्हणतो गादीवर नाचल्यासारखं वाटतं. उंची लक्षात ठेवणारी चार बटणं आहेत, चारही भरली.

११३ ला डुगडुगतं. चौथा_मजला, बाभळीचं झाड बरोबर.

स्नायूपुराण | ६ जुलै, रात्री १०.००

खांदा?

शेवंती_१२ | ६ जुलै, रात्री १०.१२

आहे अजून, पण दगड नाही. दिवसाला दीड-दोन तास उभी असते, तुकड्या-तुकड्यांनी. उंची बरोबर झाल्यावर बसूनही त्रास होत नाही, हे मला अनपेक्षित होतं. एवढंच करायचं असतं तर जुन्या टेबलाचे पाय कापून भागलं असतं. पण ते सासूबाईंना कोण सांगणार.

टवाळ_टोणगा | ७ जुलै, सकाळी ९.१०

साड्या वाळत घातल्या का?

शेवंती_१२ | १९ ऑगस्ट, सायंकाळी ६.४०

टवाळ, साड्या नाहीत, पण ऐका. काल ऑफिसला गेले होते. घरी आले तर टेबल भलत्याच उंचीला, ८२. मला वाटलं बिघडलं, बॅटरीबाबांचा उपाय करायला निघाले. तेवढ्यात सासूबाई मेथीची जुडी आणि सुपली घेऊन आल्या. दुपारभर खिडकीशी उभ्या राहून भाजी निवडत होत्या. ओटा त्यांना उंच पडतो, हे बावीस वर्षांत कधी बोलल्या नाहीत. बटणं कशी कळली विचारलं तर म्हणाल्या, 'बाण काढलेत की त्याच्यावर.'

नवऱ्याचं ६९ चं बटण पुसून तिथे ८२ भरलंय. त्याला अजून सांगितलेलं नाही.

उखळमुसळ | १९ ऑगस्ट, सायंकाळी ६.५२

सांगू नकोस. मॅट कुठल्या जाडीची म्हणालीस, दोन सेंमी? मला ओट्यापुढे टाकायला हवीय, धुता येते का ती?

शेवंती_१२ | १९ ऑगस्ट, सायंकाळी ७.०५

हो, ओल्या फडक्याने पुसली तरी चालते. पण कडा उतरत्या असलेली घे, सरळ कडेला आमच्या लेकीचा पाय दोनदा अडखळला.